न फोडलेला फोड

माझ्या दादाला गल्लीत सगळे अंगठेबहाद्दर म्हणतात. पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला असं नाव पडावं याचं नवख्या माणसाला हसू येतं, पण त्याचा दादाच्या शिक्षणाशी काही संबंध नाही. (तसा तो आठवीनंतर शाळेच्या वाटेला गेलेला नाही, ते वेगळं.) त्याची एक खोड आहे. रजिस्टर असो, कुणाचा प्रबंध असो, नाहीतर वाचनालयाचं फाटकं पुस्तक असो, बांधून झालं की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी तो पुठ्ठ्यावर उजवा अंगठा ठेवतो आणि बाजूला रेटतो. वरून दाबायचं नाही, बाजूला रेटायचं. वरचं कापड केसभर जरी सरकलं तरी समजायचं, आतली चिकटवायची खळ धरलेली नाही. मग गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही ओरडलं तरी हा शांतपणे ते पुस्तक सोलून पुन्हा करायला घेतो.

मी त्याची धाकटी बहीण. बावीस वर्षं त्याच्या समोरच्या टेबलाशी बसून पानं शिवते आहे. जिभेमुळे तो मला टाचणी म्हणतो. म्हणू दे. याच जिभेने मी त्याला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं आणि याच जिभेने तिथून मागे ओढून आणलं. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही सांगते.

सुरुवात तोंडापासून झाली. दादा गरम काही खाईना. वहिनीच्या ते आधी लक्षात आलं, कारण तो चहा थंड होईपर्यंत कपाकडे नुसता बघत बसायला लागला. तोंड उघडून बघितलं तर गालाच्या आतून तीन चट्टे, लालभडक, वरची साल निघालेली. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले उष्णता आहे, गोळ्या घ्या. गोळ्या संपल्या, चट्टे पाच झाले. दातांचे डॉक्टर म्हणाले दाढेची कड टोचते. त्यांनी दाढ घासली. पंधरा दिवसांनी तीच दाढ काढली. तिसऱ्यांनी बुरशी सांगितली आणि जांभळं औषध लावायला दिलं. त्याने तोंडात आग व्हायची, आणि माझा दादा टेबलाची कड धरून डोळे मिटून उभा राहायचा. बोलका माणूस, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असायचा, तो मान हलवून कामं सांगायला लागला. असे पाच महिने गेले.

मग छातीवर फोड आला. शर्टाच्या बटणाएवढा, पातळ, आत पाणी. चार दिवसांत पाठीवर, मग डोक्यात.

आता माझं काम सांगते, म्हणजे मी काय केलं ते कळेल. पुठ्ठ्यावर रेक्झिन चिकटवताना खाली कधीकधी हवा राहते आणि फुगा येतो. तो माझ्याकडे येतो. फुग्याच्या कडेला बारीक सुई टोचायची, बोटाने हवा बाहेर काढायची आणि हाडाच्या पट्टीने सपाट करून टाकायचं. फुगा होता हे शोधून सापडू नये. यात माझा हात धरणारं कुणी नाही. दादाच्या अंगावर फुगे आल्यावर मी दुसरं काय करणार होते? सुई पाण्यात उकळली, कडेला टोचली, कापसाने पाणी टिपलं, साल हलकेच बसवली, पावडर लावली, वर जाळीचं कापड. रोज सकाळी. आणि डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तर हमखास, एकही न सोडता. माणूस डॉक्टरांपुढे नीटनेटका जायला नको?

म्हणजे झालं असं, की कुठल्याच डॉक्टरला एकही फोड कधी दिसला नाही. त्यांना दिसल्या त्या जखमा आणि खपल्या. एका दवाखान्यात तर नर्स म्हणाली, "अगंबाई, ड्रेसिंग कुणी केलंय? काय छान केलंय." मी अशी फुगले की विचारू नका.

त्वचेच्या पहिल्या डॉक्टरांनी दादाला विचारलं, काम काय करता. दादाने सांगितलं. खळीत काय घालता? कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. झालं! डॉक्टरांनी पेन उचललं. मोरचुदाची ॲलर्जी, काम बंद, हे मलम. दादा तेव्हा मोठ्या कष्टाने, फाटक्या जिभेने बोलला.

"डॉक्टर, मला काय वाटतं सांगू? आतलं काहीतरी धरत नाहीये. हे बघा..." आणि त्याने शर्टाचं बटण काढून गळ्याखालच्या चांगल्या कातडीवर अंगठा ठेवला.

मी त्याच्या हातावर चापट मारली. "गप्प बस रे दादा. त्यांना शिकवायला आलास का?"

डॉक्टर हसले. दादाही ओशाळून हसला आणि त्याने बटण लावून टाकलं. माझ्या आयुष्यात मी अनेकांना अनेक गोष्टी तोडून बोलले आहे, त्यांतल्या कशाचंही मला काही वाटत नाही. ही चापट मात्र मला अजून आठवते.

दादा घरी बसला. मी दुकान एकटीने ओढायला लागले. खळ, मोरचूद, पुठ्ठा, सगळं त्याच्यापासून लांब. दुकानातून आल्यावर मी हात कोपरापर्यंत धुऊन आणि कपडे बदलूनच त्याच्या खोलीत जायची. तो खुर्चीत पुढे वाकून बसलेला असायचा, कारण पाठ टेकवता यायची नाही. शर्ट कातडीला चिकटायचा. कोमट पाण्याने भिजवून भिजवून तो काढायला मला अर्धा तास लागायचा.

वहिनी आमची अबोल. एक दिवस भांडी घासता घासता ती म्हणाली, "खळ बंद होऊन तीन महिने झाले. मग फोड का बंद होत नाहीत?"

"तू डॉक्टर आहेस का?" मी फाडकन म्हटलं. ती पुन्हा भांडी घासायला लागली. अहो, दोन माणसं माझ्या डोळ्यांसमोर खरं बोलत होती, आणि मी दोघांची तोंडं बंद करत सुटले होते!

पुढे एकाने संसर्ग सांगितला. शेजारच्यांनी जिन्यात अंग चोरायला सुरुवात केली. एका दवाखान्यात पाठीवरच्या जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला, महिनाभर जुनी जखम होती ती. उत्तर आलं, विशेष काही आढळलं नाही. एकाने इंजेक्शन दिलं आणि चार दिवसांत अंग सुकायला लागलं. आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. दादा म्हणाला, "टाचणी, सोमवारी दुकानात येतो." सोमवार यायच्या आत फोड दुपटीने परत आले. त्याचं वजन एकाहत्तर होतं, ते चोपन्नवर आलं. पातळ केलेलं, कोमट, बिनमिठाचं काहीतरी वहिनी चमच्याने भरवायची आणि तेही चौथ्या चमच्याला तो हाताने थांबवायचा.

मोठ्या इस्पितळातल्या त्वचाविभागाची वेळ पाच आठवड्यांनी मिळाली. त्या दिवशी सकाळी अंगावर चार नवे फोड होते. मी चारही टोचले, टिपले, बसवले. स्वच्छ पट्ट्या बांधल्या. वहिनी, दादा आणि मी, तिघं गेलो.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी घाई केली नाही. तोंडात बॅटरी मारून बराच वेळ बघितलं, केस बाजूला करून डोकं बघितलं. एकेक पट्टी स्वतः सोडली.

"फोड येतात म्हणता. कुठे आहेत?"

"फोडले," मी म्हटलं.

"कुणी?"

"मी. आज सकाळी. सुई उकळून घेते मी, अगदी स्वच्छ..."

"दर वेळी डॉक्टरांकडे जाण्याआधी?"

मी हो म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मी काय करून ठेवलं होतं ते माझ्या ध्यानात आलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी दादाच्या गळ्याखाली, जिथे काहीच झालेलं नव्हतं अशा चांगल्या कातडीवर अंगठा ठेवला आणि बाजूला रेटला.

कातडी सरकली. ओल्या पुठ्ठ्यावरचं कापड सरकतं तशी सरकली आणि सोलून आली.

बावीस वर्षं मी तो अंगठा तसाच रेटलेला बघत आले होते. दादाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तशातही तो हसत होता. "धरलेलं नाही ना?" तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"खळ. आतली. मी सांगणार होतो एकदा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "पुन्हा सांगा. सगळं सांगा."

त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर आहे. कातडीच्या पेशी एकमेकींना ज्याने चिकटून राहतात त्यावरच शरीराची स्वतःची संरक्षण करणारी यंत्रणा उलटते, आणि ते चिकटणंच सुटतं. तोंडापासून सुरू होतं. आजाराचं नाव पेम्फिगस. लाखांत एखाद्याला होतो, कुणाकडून लागत नाही, कुणाला लागतही नाही. "मला जवळजवळ खात्री आहे. पण औषधं फार जड आहेत आणि अंगात जंतू शिरलेले असतील तर तीच घात करतील. 'जवळजवळ'वर मी ती सुरू करणार नाही. मागचा तुकडा जुन्या जखमेचा होता, त्यात काय दिसणार? मला ताजा फोड हवाय. एका दिवसाच्या आतला, न फुटलेला. त्याच्या कडेचा तुकडा आणि शेजारची चांगली कातडी. आज खाट रिकामी नाही. फोड आला की हात न लावता तसेच घेऊन या. ताप चढला तर फोड नसला तरी या."

"आणि उशीर झाला तर?" वहिनीने विचारलं.

"खाणं बंद होत आलंय, अंगभर उघड्या जखमा आहेत. फार दिवस नाहीत हातात."

दिवस म्हणाल्या त्या. महिने नाही म्हणाल्या.

पाच-सहा महिने ज्या फोडांना मी शिव्या घातल्या, त्यातला एक यावा म्हणून आता जीव टांगणीला लागला. पहिल्या दिवशी एक आला, दादा कुशीवर वळला आणि गेला. दुसऱ्या दिवशी खांद्यावर आला, तो खोकल्याच्या उबळीत फुटला. मी पलंगाशी बसून त्याचं अंग वाचत होते, इंच इंच. "टाचणी," तो म्हणाला, "एवढं टक लावून तू शाळेचं पुस्तक वाचलं असतंस ना, तर आज साहेब झाली असतीस." मी हसले नाही. त्याचं कपाळ मला कोमट लागत होतं, पण थर्मामीटर ताप दाखवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी वहिनीने मला जबरदस्तीने दुकानात पाठवलं. अकराला तिचा फोन आला. "आलाय. बेंबीच्या डाव्या अंगाला. करंगळीच्या नखाएवढा. आणि ताप चढलाय."

हातातलं टाकून मी धावणार होते, पण थांबले. इस्पितळ चाळीस मिनिटांवर. शर्ट घातला तर घासून फुटणार. चादर टाकली तरी फुटणार. चिकटपट्टी लावायची सोय नाही, तिच्याबरोबर कातडीच येणार. मी पुठ्ठा घेतला आणि चार बोटं उंचीची, एका अंगाने उघडी डबी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझी कापणी वाकडी आली. ती डबी छातीशी धरून मी घरापर्यंत पळत गेले.

टॅक्सीच्या मागच्या सीटवर दादाला आडवं केलं. डोकं वहिनीच्या मांडीवर. मी खाली, दोन सीटांच्या फटीत गुडघे मोडून. दोन्ही हातांनी डबी त्याच्या पोटावर अधांतरी धरली. टेकवायची नाही आणि हलू द्यायची नाही. वरून चादर. टॅक्सीवाल्याला म्हटलं, सावकाश चालव, धक्का बसता कामा नये.

"काय अंडी नेताय का?" तो म्हणाला.

"त्याहून नाजूक आहे. गतिरोधक आला की आधी सांग."

माणूस चांगला निघाला. "आला, आला, ताई, सांभाळा," असं तो प्रत्येक वेळी ओरडायचा आणि गाडी मुंगीच्या पावलाने पलीकडे न्यायचा. मागची वाहनं भोंगे वाजवून कान किटवत होती. वीस मिनिटांनी माझे खांदे भरून आले, मग हातांत मुंग्या आल्या, मग हात माझे आहेत हेच कळेना. दादाचा श्वास भराभर चालला होता आणि प्रत्येक श्वासाला त्याचं पोट डबीच्या कडेपर्यंत वर यायचं. "श्वास कमी घे," मी म्हटलं. तो डोळे मिटून पुटपुटला, "बंदच करू का?" वहिनी त्याच्यावर इतक्या मोठ्याने ओरडली, की तिचा तो आवाज मी तिच्या लग्नापासून पहिल्यांदाच ऐकला.

पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. त्वचाविभागाची खिडकी साडेबाराला बंद. स्ट्रेचर दारात, मी स्ट्रेचरशेजारी वाकून हात तसेच धरलेले, आणि खिडकीतला माणूस आमच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या या. नंबर संपले."

तळपायाची आग मस्तकात गेली, पण हात हलवता येत नव्हते. फक्त जीभ मोकळी होती.

"उद्या हा फोड नसेल," मी म्हटलं, "आणि उद्या हा माणूसही नसेल. दोन्ही तुमच्या नावावर लिहून ठेवा. तुमचं नाव काय ते सांगा, मोठ्याने सांगा, या सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

बाकांवरची सगळी माणसं उठून उभी राहिली. त्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली. चादरीखाली बघितलं. त्याचा चेहरा उतरला आणि तो स्वतः वॉर्डाकडे पळत गेला.

डॉक्टरबाई आल्या. टेबलावर घेतलं. "हात काढा," त्या म्हणाल्या.

मला काढता येईनात. बोटं डबीवर आवळून बसली होती. वहिनीने माझं एकेक बोट सोडवलं, डबी उचलली, आणि आम्ही सगळेच वाकून बघायला लागलो.

फोड होता तसाच होता. गोल, स्वच्छ, आतलं पाणी दिव्याखाली चमकत होतं.

"शाबास," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तुकडा काढायला घेतला.

ताप होता म्हणून कशीबशी खाट मिळाली. सलाइन लागलं, जंतूंवरची औषधं सुरू झाली. तुकड्याचं उत्तर यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत दादा दोनदा मला ओळखेनासा झाला आणि एकदा मला गिऱ्हाईक समजून म्हणाला, "थांबा, अजून वाळलेलं नाही." चौथ्या सकाळी बाई कागद घेऊन आल्या. "पेम्फिगसच," त्या म्हणाल्या. त्याच दिवशी खरं औषध सुरू झालं. पहिल्या चट्ट्यापासून मोजलं तर अकरा महिने झाले होते.

मी त्यांना व्हरांड्यात गाठून सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "असं मनाला लावून घेऊ नका. नऊ डॉक्टरांनी बघितलं यांना. एकानेही अंगठा लावून बघितला नाही."

"दादाने लावला होता," मी म्हटलं. "मी त्याच्या हातावर चापट मारली."

नवे फोड यायचे थांबायला पाच आठवडे गेले. तोंड भरून यायला त्याहून जास्त. आजार गेला असं बाई म्हणत नाहीत, दबला म्हणतात. पुन्हा डोकं वर काढू शकतो. औषधांनी दादाचं तोंड गोल गरगरीत झालंय, साखर वाढलीय, जिना चढताना धाप लागते. सात महिन्यांनी तो दुकानात आला तेव्हा गल्लीतल्या एकाने त्याला ओळखलंच नाही. दादा म्हणाला, "अरे, मी तोच, नवी आवृत्ती."

पहिलं काम त्याने स्वतःचंच काढलं. इस्पितळाचे कागद, विटेएवढा गठ्ठा. मी शिवला, त्याने पुठ्ठे लावले, वर काळं रेक्झिन. खळ मोरचुदाचीच. पाठीजवळ एक फुगा राहिला.

"सुई," तो म्हणाला.

"टाकून दिली."

त्याने खणातून नवीन सुयांचं पाकीट काढलं, एक सुई ओढली आणि माझ्यापुढे धरली. मी मान हलवली.

"अगं, हे रेक्झिन आहे वेडे, मी नव्हे. टोच."

मी टोचली. हवा काढली, पट्टी फिरवली. दादाने अंगठा ठेवून बाजूला रेटून बघितलं आणि मान डोलावली. मग त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं, माझा हात धरला आणि माझा अंगठा गळ्याखाली, बाईंनी ठेवला होता तिथेच ठेवला.

"बघ तू."

"नको रे दादा."

"बघ म्हणतो ना."

मी जीव मुठीत धरून अंगठा बाजूला रेटला. कातडी जागची हलली नाही.

"जरा जोर लाव की," तो म्हणाला. मला काही जोर लावता आला नाही. मी तिथेच त्याच्या छातीवर डोकं टेकून रडले, आणि त्याने मला टेकू दिलं.